फाटक्या कानाची गाय हुडकणारा दाभण

मित्रांनो, पोती शिवून झिजलेला मी एक दाभण. पाथर्डीच्या लोहाराने मला ठोकून घडवलं आणि ज्वारीच्या पोत्यांत माझी उमर गेली. बहात्तरच्या दुष्काळात शिवायला पोतंच उरलं नाही, तेव्हा गोरक्षनाथाने मला उचललं.

हा पुण्याला कॉम्प्युटरवर काम करणारा शहाणा. गुरांच्या छावणीत येऊन म्हणतो कसा, "जनावराचं रूप भोकांत उतरवायचं आणि हवं ते हुडकायचं, अशी रीत काढलीय. इथं जमली की मशीनला शिकवीन." प्रत्येक गाईचं एक कार्ड, काठाला भोकं. जी खूण गाईला असेल तिचं भोक काठापर्यंत कातरायचं. मग गठ्ठ्यातून मला घालून उचललं, की कातरलेली कार्डं खाली गळतात. पोती शिवणाऱ्याला कागद टोचायला लावलं!

अशात छबूबाईची गाभण गाय दावं तोडून गर्दीत मिसळली. दिवस भरत आलेले. "दुसऱ्याच्या दावणीला व्याली, तर वासरू मला कोन देनार हाय?" बाई रडकुंडीला आली. "डावा कान फाटलाय तिचा."

फाटक्या कानाच्या भोकातून मला घातलं, उचललं. एक कार्ड पडेल तर शपथ! पडणार कसं? नाव नोंदवताना जो तो आपल्या गाईचे गोडवे गात सुटलेला. छबूबाईसुद्धा. अख्ख्या छावणीत एका जनावराला खोड नाही म्हणे! एवढ्या कामधेनू होत्या, तर सरकारी चाऱ्याला कशाला धावलात रे?

"आता विचारत नाही, डोळ्यांनी बघून कातरतो," म्हणत गोरक्षनाथ दावणीदावणीने फिरला. पुन्हा मला घातलं. फाटक्या कानाची मूठभर कार्डं गळली. त्यांतून गाभण गाय काढली, तर एकच. श्रीमंत मुकादमाच्या दावणीला!

मुकादमाने मिशीवर हात फिरवला. "माझीच हाय ती."

"मग कान कशानं फाटला, सांगा की मुकादम," छबूबाई म्हणाली.

भोवती माणसं जमलेली. मुकादम फुगला. "फाटक्या कानाचं जनावर आन् माझ्या दावणीला? थू! असलं मी पाळत न्हाई!"

"मग सोडा दावं. माझ्या गाईचा कान कुत्र्यानं फाडलाय. तवा सांगायची लाज वाटली, आता न्हाई वाटत."

लोक खो खो हसले. मुकादम खाली मान घालून दावं सोडत बसला.

गोरक्षनाथ पुण्याला गेला, ही रीत त्याने मशीनला शिकवली आणि मशीनला हारतुरे मिळाले. मला मात्र कुडाच्या फटीत खोचून सगळे विसरले. मित्रांनो, माझ्या अंगाला तेलाचं बोट लावा, एवढंच मागतो. आणि त्या मशीनपुढे बसाल, तेव्हा आपल्या गाईचा फाटका कान आधी सांगा. खोटं कातरून द्याल, तर माझ्यासारखंच त्या मशीनमधूनही एक कार्ड गळायचं नाही.