जगदेवाचा खांदा

जांभळखेडीचा जगदेव नारळ फेकायचा आणि त्यावर पोट भरायचा. हे ऐकून कोणाला हसू आलं तर त्यानं खुशाल हसावं. त्याची बायको पंचफुला लग्न झाल्यापासून हसतच होती, फक्त तिचं हसू तोंडावर कमी आणि बोलण्यात जास्त दिसायचं.

केनवडच्या आसपासच्या गावांना तेव्हा पैजेचा भारी नाद. पोळ्याचं तोरण तुटलं, बैल दारोदार ओवाळून झाले, की दोन गावांची माणसं एका मारुतीपुढे गोळा व्हायची. तिथून शिवेवरच्या म्हसोबापर्यंत नारळ फेकत न्यायचा. पडेल तिथून पुढचा फेकायचा. ज्याच्या गड्याला कमी नारळ लागले ते गाव जिंकलं, आणि हरलेल्या पाटलानं जिंकलेल्या गड्याच्या डोक्याला फेटा बांधायचा. ज्या मुलखात नारळाचं झाड औषधालाही सापडत नाही, तिथं गावाची अब्रू नारळावर ठरायची. नारळ यायचे रिसोडच्या गुलाबचंदाच्या दुकानातून. कोणीही जिंको, त्याची पोती रिकामी व्हायची, त्यामुळे या पैजेबद्दल त्याचं मत नेहमीच चांगलं होतं.

जगदेव मुळात राखणीतला माणूस. ज्वारी भरायला लागली की शेतातल्या माळ्यावर उभं राहून गोफण फिरवायची आणि पाखरं उडवायची, हा त्याचा हंगामी धंदा. एका पोळ्याला सहज गंमत म्हणून त्यानं ओवाळणीतला नारळ उचलला आणि नाल्याकाठच्या वडावरून पलीकडे टाकला. गावचे जानराव पाटील तिथंच उभे होते. त्यांच्या डोळ्यांत तेव्हा जी चमक आली ती पंचफुलानं ओळखली. बैलबाजारात दात पाहून झाल्यावर गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत येते, तीच ती.

पाडव्याला पाटलांनी जगदेवाला सालदार धरलं. इतर सालदारांना वखर, मोट, शेणपाणी. जगदेवाला काम एकच, ते म्हणजे काहीही काम न करणं. पाटलांचं म्हणणं असं, की हाताचा जोर वर्षभर साठवून ठेवावा आणि पोळ्याला काढावा. हात म्हणजे काही कणगी नव्हे, पण हे पाटलांना सांगणार कोण? गावानं मान डोलावली. त्या दिवसापासून जगदेवाचा उजवा हात जगदेवाचा राहिला नाही, तो जांभळखेडीचा झाला.

आणि मग त्या हाताचे लाड काय वर्णावे. तो विहिरीचा दोर ओढायचा नाही. कुऱ्हाड धरायचा नाही. थंडीत त्याच्यावर घोंगडीचा तुकडा गुंडाळलेला, उन्हाळ्यात करडईच्या तेलानं चोळलेला. जेवायचं काम तेवढं त्याला मोकळं ठेवलं होतं, आणि ते तो मन लावून करायचा. शेजारच्या पुंजाजीची गाडी एकदा चिखलात फसली. हा पुंजाजी म्हणजे त्यांचा सावडीतला. एक बैल त्याचा, एक यांचा, दोन्ही मिळून दोन्ही घरची शेतं व्हायची. त्यानं हाक मारली तर जगदेव जागचा हलला नाही. हात गावाचा आहे, म्हणाला, विचारल्याशिवाय कसा लावू? पंचफुला पदर खोचून चिखलात उतरली आणि चाकाला खांदा लावला. तिचा खांदा कोणत्याच गावाचा नव्हता.

उभ्या पिकातलं तण काढायला बैलामागे डवराही तीच धरायची, आणि माळ्यावर गोफणही आता तीच फिरवायची. बाई डवरा धरते म्हणून लोक हसले, आणि तिचा नवरा त्या लोकांच्या खांद्यावर बसून गावभर मिरवला. काही वर्षं तो खरोखर फेकायचा, हे कबूल केलं पाहिजे. त्याचा नारळ सुटला की लोकांच्या माना एकदम वर व्हायच्या आणि नारळ पडेपर्यंत कोणी बोलायचं नाही. पंचफुलाही बघायची. त्या वेळी तिच्या छातीत जे भरून यायचं ते ती कोणाला दाखवायची नाही, त्याला तर मुळीच नाही. मालेगावच्या बाजारात अनोळखी माणसं येऊन त्याचा दंड चाचपून बघायची, आणि हा शहाणा बंडीची बाही वर करून उभा राहायचा. नांगरणाऱ्या माणसांना तो गांडूळ म्हणू लागला. स्वतःच्या ताटातली भाकरी कोणत्या गांडुळानं पिकवली हे त्यानं कधी विचारलं नाही.

पण या सगळ्यापेक्षा पंचफुलाला डाचायचं ते पोळ्याच्या आदल्या दिवशीचं. त्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू ओढून सुजलेल्या खांद्याला हळद आणि तूप चोळायचं, आणि हात जोडून बैलाला म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. पाटील आपल्या गोठ्यातले बैल झाले की डफडं वाजवत जगदेवाच्या दारात यायचे, त्याला ओट्यावर बसवायचे, त्याच वाटीतली हळद त्याच्या उघड्या खांद्याला लावायचे आणि तेच शब्द म्हणायचे. गावाला हा केवढा मान वाटायचा. जगदेवाच्या डोळ्यांत पाणी यायचं. पंचफुला दारात उभी राहून बघायची आणि मनात म्हणायची, आता कासरा तेवढा बांधायचा राहिला.

अशी वर्षं गेली आणि खांदा गेला. आधी तो रात्री कुशीवर वळताना कण्हू लागला. मग एका सकाळी त्याला स्वतःचा फेटा बांधता येईना. हात कानापर्यंत जायचा आणि तिथंच अडायचा. पंचफुलानं फेटा बांधून दिला. तेल चोळताना तिला खांद्यात कडबा मोडल्यासारखं कटकट ऐकू यायचं. जगदेव म्हणायचा, हवा बदलली. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथं तर सुंभ जळाल्याचंच सुंभाला मान्य नव्हतं.

तिला हसू यायचं बंद झालं ते तेव्हा. नवरा आळशी, फुशारकीखोर, सगळं खरं. पण चार गावांची माणसं त्याच्यावर हसणार, हे तिला सोसणारं नव्हतं. त्याच्यावर हसायचा हक्क तिचा होता, आणि तो तिनं चिखलात चाकाला खांदा लावून कमावला होता. आपण होऊन थांबा, असं तिनं त्याला दहादा सांगितलं. अंगात पाणी आहे तोवर मान आहे, मग पाटील ओळखही देणार नाहीत, हेही सांगितलं. तो म्हणायचा, पाटलाचा माझ्यावर जीव आहे. पाटलांचा जीव होता हे खरंच. तो खोंडावरही होता.

विलायतेत लढाई सुरू झाली त्या साली अधिक श्रावण आला आणि पोळा उशिरा पडला. आदल्या संध्याकाळी डफडं दारात आलं. पाटलांनी वाटीत बोटं बुडवली, तशी पंचफुला उंबऱ्याच्या बाहेर आली. बाईमाणसानं अशा वेळी बोलायचं नसतं हे तिला ठाऊक होतं.

"पाटील, यंदा ह्यायले राहू द्या. ह्यायचा खांदा गेला."

डफडं थांबलं. पाटील हसले.

"खांदा जाते बैलाचा. जगदेवाचा कसा जाईन?"

"तुमी हळद त त्याच वाटीतली लावता," पंचफुला म्हणाली.

कोणीतरी खोकलं. जगदेव संतापानं लाल झाला. बायकोकडे न बघता तो पाटलांना म्हणाला, "तिचं कायले मनावर घेता, मालक? चुलीपल्याड कधी काही फेकलं हाय काय तिनं?" सगळे हसले, आणि पाटलांनी हळद लावली. ती आत गेली. चुलीपलीकडे तिनं काय काय फेकलं होतं ते ज्वारीवरच्या पाखरांना ठाऊक होतं, पण पाखरांची साक्ष कोण काढतो?

दुसऱ्या दिवशी पैज टाकळीशी होती. टाकळीकरांनी मालेगावकडच्या तांड्यावरचा खेमा आणला होता. हा खेमा वर्षभर लाकडाच्या मोळ्या वाहणारा, अंगानं किडकिडीत. त्याला पाहून जांभळखेडीला हसू आलं. जगदेव तर त्याच्याकडे बघायलाही तयार नव्हता. खेमानं अंगरख्याला हात पुसले, नारळ घेतला आणि फेकला. फार थाट नाही, आवाज नाही. नारळ शेताकडे जाणाऱ्या पांदीच्या वळणापलीकडे जाऊन फुटला.

मग जगदेव पुढे आला. मारुतीला नमस्कार केला, बंडी काढली, पिवळा खांदा सगळ्यांना दिसेल असा उभा राहिला. लोकांच्या माना सवयीनं वर झाल्या. पंचफुलाची नाही झाली. ती त्याच्या कोपराकडे बघत होती. हात वर गेला, कानापाशी अडला, आणि त्यानं तो तसाच जोर करून पुढे हाणला.

वर बघणाऱ्यांना काही दिसलं नाही. नारळ समोरच्या चिखलात जाऊन पडला होता, एवढ्या जवळ की देवळाच्या पायरीवरून दिसत होता. तो फुटलाही नाही. जगदेव खांदा धरून खाली बसला, आणि आधी टाकळीकर हसले, मग जांभळखेडीही हसली. पंचफुला गर्दीतून पुढे गेली, चिखलातला नारळ उचलून ओच्यात घातला आणि नवऱ्याला दंडाला धरून घरी नेलं.  तिला रडू येत होतं, पण ते तिनं हसणाऱ्यांच्या पदरात टाकलं नाही.

गरज सरो, वैद्य मरो. पाटलांनी म्हसोबापाशी खेमाला फेटा बांधला तो स्वतःच्या हातानं, रीतीप्रमाणे, आणि बांधता बांधताच त्याचा दंड चाचपून पाहिला. पुढच्या पाडव्याला खेमा जांभळखेडीत सालदार झाला. त्याला मोळी उचलायची बंदी झाली. त्याच्या हातावर घोंगडीचा तुकडा आला. शहाणपण विकत घेऊन परत त्याच खड्ड्यात ओतायची अक्कल फक्त मोठ्या घरांत असते.

जगदेवाला पुंजाजीनं मुकाट्यानं कामाला घेतलं. तो डाव्या हातानं वखर धरायला शिकला, शेण काढायला शिकला. बैल त्याला ओळखत नव्हता, कारण त्यानं बैलाला कधी चारा घातला नव्हता. आता ओळखू लागला. पण त्याचे कान अजून पाटलांच्या वाड्याकडे लागलेले असायचे.

पुन्हा पोळ्याचा आदला दिवस आला. पंचफुला संध्याकाळी बैलाचा खांदा शेकून, आवतन देऊन अंगणात आली तर जगदेव ओट्यावर बसलेला. बंडी काढून शेजारी घडी करून ठेवलेली. उजवा खांदा उघडा. दुपारपासून असाच बसला असावा. डफडं वाजत आलं, दारापाशी आलं, आणि न थांबता खेमाच्या झोपडीकडे गेलं. पाटलांनी मानही वळवली नाही. जगदेव आवाज पार विरेपर्यंत ऐकत राहिला. बंडी काही त्यानं घातली नाही.

पंचफुलाला त्याचा असा राग आला की वाटी त्याच्या डोक्यात घालावी. वाटीत हळद-तूप उरलं होतं. ती ओट्यावर गेली, त्याच्या मागे बसली आणि त्याचा खांदा चोळू लागली. हळुवार नाही, काळं पडलेलं भांडं घासावं तसा. तो कण्हला, पण सरकला नाही. खाली मान घालूनच तो म्हणाला, "ते म्हन ना. आवतनाचं."

तिचा हात थांबला. मग तिनं बोटांवरची उरलेली हळद त्याच्याच खांद्याला पुसली.

"आवतन बैलाले देतेत," ती म्हणाली. "मानसाले रोज वाढतेत. उठा, हात धुवा."