अर्धं वाक्य

"हे दाबलं की करकरतंय बघा," स्नेहल कॅमेऱ्यासमोर माऊस दाबत म्हणाली. "बांधणी मजबूत आहे असं मी म्हणणार नाही."

हरेशदादाने कॅमेऱ्यामागून मान डोलावली. पनवेलच्या त्यांच्या घरातल्या मागच्या खोलीत दर रविवारी असं शूटिंग चाले. चॅनेल दादाचं, वस्तू पारखायचं काम स्नेहलचं. एरवी ती एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने घ्यायची. तिथल्या बायका काहीही घ्यायचं झालं की आधी तिला विचारत.

त्या वायरलेस गेमिंग माऊसच्या खोक्यातलं एकेक तिने दाखवलं. चार्जिंगची केबल चांगली, लवचीक. पकडीला चिकटवायच्या पट्ट्याही दिलेल्या. पण लॅपटॉपला लावायचा नखाएवढा रिसीव्हर ज्या खाचेत ठेवायचा, तिचं झाकण सैल. "हा हरवला तर माऊस गेलाच समजा," हेही तिने सांगितलं.

स्वतःला पडद्यावर बघायची तिला लाज वाटे. तयार व्हिडिओ ती कधी बघत नसे.

काही दिवसांनी डबा खाताना लॅबमधली अस्मा म्हणाली, "तू दाखवलेला माऊस घेतला गं भावासाठी, नावेदसाठी. मोरा बंदरावर जाताना बॅगेत झाकण उघडलं, रिसीव्हर कुठे पडला कळलंच नाही. आता तो डोकं खातोय माझं."

"अगं, झाकण सैल आहे हे मी सांगितलं होतं!"

"कुठे? तुझ्यावर यकीन करूनच घेतला ना."

अस्माने मोबाईल पुढे केला. व्हिडिओत स्नेहल ठामपणे सांगत होती, "बांधणी मजबूत आहे." पुढचं कापलेलं. झाकणाचं तर नावच नाही.

घरी आल्यावर चपला न काढताच ती दादासमोर उभी राहिली.

"ते ठेवलं असतं तर कंपनीने पुढे कीबोर्ड पाठवला नसता," तो स्क्रीनकडे बघतच म्हणाला. "आणि खोटं काय त्यात? शब्द तुझेच आहेत."

तिला वाटलं होतं, रडू येईल. आलं नाही. शाळेत तिच्यासाठी अख्ख्या वर्गाशी भांडलेला हा दादा तिच्याच तोंडून खोटं बोलला होता.

"माझा आवाज काढून टाक त्यातून."

"आता परत एडिटिंग कोण करत बसणार?"

त्या रविवारी त्याने दोनदा हाक मारली. ती गेली नाही.

अस्माला तिने सगळं सांगितलं. "जाऊ दे ना, होतं असं," अस्मा म्हणाली आणि डब्यातली भाकरी पुढे केली.

मग अस्माला मिक्सर घ्यायचा होता. स्नेहल शेजारीच बसली होती. अस्माने तिच्या पुढून वाकून पलीकडच्या नीताला विचारलं, "कुठला घेऊ गं?"

स्नेहलने खुर्ची जरा मागे घेतली, दोघींना नीट बोलता यावं म्हणून.