पुढच्या वर्षीची फाइल

जनावरांच्या दवाखान्यात बाहेरचं टेबल सांभाळायला डॉक्टरीणबाईंची नणंद बसायची. बाई वन्सं म्हणायच्या, म्हणून मांजरं घेऊन येणारी माणसंही वन्संच म्हणायला लागली.

रोज सकाळी कॉम्प्युटर लस राहिलेल्या जनावरांची यादी काढायचा. पण फाइलचं नाव रोज तेच, त्यामुळे आजची यादी आली की कालची गडप. “काल कोण कोण आलं नाही?” असं बाईंनी विचारलं की वन्सं आजचीच यादी पुढे करायच्या. शेवटी बाईंच्या नवऱ्याने, म्हणजे वन्संच्या थोरल्या भावाने, सुट्टीचा दिवस खर्ची घालून डेटाबेसला वळण लावलं. आता यादी आपोआप फाइलमध्ये उतरणार, नावात त्या दिवसाची तारीख पडणार आणि मालकांना मेसेजही जाणार.

“कुणी हात लावायचा नाही,” दादाने बजावलं.

वन्संना दादाची कामं लहानपणापासून ठाऊक होती. त्याने बसवलेली कडी कधी लागायची नाही. तारीख खरंच बदलेल कशावरून? संध्याकाळी दवाखाना रिकामा झाल्यावर त्यांनी कॉम्प्युटरची तारीख पुढे सरकवली. एका दिवसाने काय कळणार, म्हणून चांगली वर्षभर. सकाळी नाव बघू आणि तारीख जागेवर आणू, असा बेत. मेसेजांचं त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

सकाळी येऊन बघतात तर दवाखान्यापासून वळणापर्यंत रांग. पिशव्यांतून मांजरं गुरगुरतायत, कुत्री एकमेकांच्या अंगावर जातायत आणि एक दांडगा कुत्रा सशाला घाबरून मालकाच्या पायात शिरलाय.

“परवाच तर लस दिली! मुदत उलटली कशी?” ससेवाले काका कडाडले.

डॉक्टरीणबाईंनी दादाला फोन लावला. तो धावत आला, फाइलचं नाव वाचलं आणि वन्संकडे वळला.

“अगं, ही पुढच्या वर्षीची फाइल आहे! वर्षभरात ज्यांची ज्यांची लस येणार, ते सगळे आजच बोलावलेस?”

“तपासून बघत होते,” वन्संचा आवाज खोल गेला. “पण दादा, नाव अगदी बरोबर आलंय हं.”

दादाला रागवावं की खूश व्हावं कळेना. त्याने तारीख मागे आणली, नवी यादी काढली. तीत फक्त चार नावं. ती पुकारून वन्संनी बाकीच्यांपुढे हात जोडले, तर कुणी हलेना.

“आलोच आहोत तर नखं तरी कापा,” काका म्हणाले, आणि सगळ्यांनी तेच धरलं.

दुपार टळेपर्यंत डॉक्टरीणबाई नखं कापत होत्या. दादा ऑफिस बुडवून, इस्त्रीच्या शर्टात, एकेक मांजर धरत होता. शेवटचं मांजर गेलं तेव्हा त्याच्या दोन्ही हातांवर ओरखडेच ओरखडे. वन्सं औषध लावायला बसल्या.

“हळू गं!” तो ओरडला.

आणि सकाळपासून वैतागलेल्या डॉक्टरीणबाईंना असं हसू फुटलं की कात्री हातातून खाली पडली.