दुकानात चालतो, घरी बंद पडतो

इरबिद शहराच्या बाजारात वजदानचं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान होतं. पंधरा दिवसांत तिसऱ्यांदा निवृत्त शिक्षक उस्ताज गाझी तो जुना काळा लॅपटॉप काखेत मारून दारात उभे राहिले, तेव्हा तिने हातातला स्क्रू-ड्रायव्हर ठेवून दिला आणि एक लांब श्वास घेतला.

“परत तेच!” म्हातारे मास्तर कडाडले. “सुरू होतो, ते गोल गोल फिरायला लागतं आणि फट्! पडदा काळा. पोरी, तू दुरुस्त करतेस की नुसता फडका मारून परत देतेस?”

वजदानची कानशिलं तापली. पहिल्या खेपेला तिने धूळ काढून मेमरीच्या पट्ट्या पुन्हा बसवल्या होत्या. दुसऱ्या खेपेला हार्ड डिस्क तपासून विंडोज नव्याने टाकलं होतं. बॅटरी पार गेलीय, बदला, असंही सांगितलं होतं. ‘टेबलावरून हलत नाही तो, बॅटरी काय करायचीय?’ म्हणून मास्तरांनी ते उडवून लावलं होतं.

तिने आपला चार्जर लावून बटण दाबलं. लॅपटॉप मुकाट्याने सुरू झाला.

“बघा.”

“इथे चालतो गं! घरी का नाही चालत?”

“घरचा चार्जर आणा म्हटलं होतं ना मी? दोनदा!”

“आजारी माणसाला दवाखान्यात नेताना त्याची खाट नेतात का बरोबर?”

हौरान भागातल्या खेड्यांतले बोलीतले शब्द मास्तर तीस वर्षं गोळा करत होते. ते सगळे याच लॅपटॉपमध्ये होते आणि गुरुवारी छापखान्यात द्यायचे होते. वजदानने पिशवी भरली आणि शटर ओढलं. “चला, तुमच्या घरीच बघते.”

लिफ्ट बंद. चौथ्या मजल्यावर पोहोचेपर्यंत तिचा उरलासुरला धीरही संपला. दार मास्तरांच्या बायकोने उघडलं. मुलाच्या, कैसच्या नावावरून तिला सगळे उम् कैस म्हणत आणि मास्तरांना अबू कैस. वजदानची पिशवी बघून तिचा चेहरा उतरला.

टेबलापाशी वजदानने चार्जर उलटा करून त्यावरची बारीक अक्षरं वाचली आणि तिला हसावं की रडावं कळेना.

“उस्ताज, हा याचा चार्जरच नाही. याला लागते त्याच्या निम्मीच वीज देतो हा. सुरू होताना लॅपटॉप एकदम जास्त वीज ओढतो. बॅटरी असती तर तिने सांभाळून घेतलं असतं. तीही मेलेली. मग बंद पडणार नाही तर काय?”

“भलतंच! पहिल्या दिवसापासून हाच आहे.”

“हा तो नाहीये,” दारातून उम् कैस हळूच म्हणाली. “इथे इस्त्री करत होते. ती जुन्या चार्जरच्या वायरवर टेकली आणि वायर जळाली. कोपऱ्यावरच्या टपरीतून हा आणला. पिन बसली, म्हटलं झालं काम.”

“आणि पंधरा दिवस गप्प बसलीस?”

“सांगणारच होते हो, अबू कैस. पण तुम्ही आधी वीजवाल्यांना शिव्या घातल्या, मग या पोरीला. म्हटलं, आता माझाच नंबर.”

“म्हणजे माझा बळी दिलात, खाला!” मावशी म्हणायच्या त्या बाईवरही वजदानचा आवाज चढला. “मी रात्री अंथरुणात पडून विचार करायची, आपल्याला हे काम येतं तरी का!”

उम् कैसचे डोळे भरले. तिने वजदानचा हात धरला. “माफ कर मुली. घाबरले होते मी.”

बायको आपल्याच रागाला घाबरली होती, हे मास्तरांना उमगलं असावं. ते खुर्चीत बसले आणि टाचणांच्या वह्या नीट रचू लागले.

वजदानने पिशवीतून योग्य चार्जर काढून लावला. गोल फिरलं, पडदा उजळला, मास्तरांचे शब्द ओळीने समोर आले.

जेवून जा, असा उम् कैसने धोशा लावला, पण वजदानचं मन अजून निवळलं नव्हतं. ती निघाली तशी मास्तरांनी तिच्या हातातून पिशवी काढून घेतली आणि गुडघे दुखत असूनही चारही मजले उतरून ती खाली आणून दिली.