सवतीची पहिली शिफ्ट

गिरजाबाईंनी रिमोट दाबला आणि भूत हवेतच थांबलं. केस मोकळे, पांढरी साडी, दोन्ही हात नव्या सुनेच्या गळ्याकडे लांबवलेले.

"बघ," त्या विजयश्रीला म्हणाल्या. "ह्या सुनंनं बी तुझ्यावानीच गळ्यातलं काढून ठिवलं हुतं."

विजयश्री उद्याच्या डब्यासाठी गवार मोडत होती. चिखलीतल्या त्या दोन खोल्यांत रविवारी दुपारी भुताचा सिनेमा लागायचा आणि तिच्या सासूबाई तो बातम्यांसारखा बघायच्या. शेजारच्या वर्कशॉपमधला पॉवरप्रेस रविवारीसुद्धा धडाधड चालू असे. खरंखुरं भूत आलं असतं तर बिचाऱ्याला ओरडूनच बोलावं लागलं असतं.

एव्हाना विजयश्रीचा या सिनेमातल्या घराण्यांचा चांगला अभ्यास झाला होता. पहिली बायको मेलेली. नवरा देखणा आणि काही उपयोगाचा नाही. सासूला सगळं ठाऊक, पण शेवटची वीस मिनिटं उरेपर्यंत ती बोलत नाही. दुसरी बायको घरात आली की पहिली तिच्याच मागे लागते, नवऱ्याच्या कधीच नाही. आणि सासरा तर कुठल्याच सिनेमात भूत होत नाही. मेल्यावरही कामाला बायकाच.

ती स्वतः दुसरी होती. पहिली मिनल, चार वर्षांपूर्वी काविळीनं गेली. मागे लहानगी करिष्मा. विजयश्रीच्या लग्नात गिरजाबाईंनी तिच्या गळ्यात मंगळसूत्राखाली, काळ्या दोऱ्यात, चांदीचा टाक बांधला. नखाएवढा पत्रा, त्यावर उठवलेली एक बाई. ती बाई म्हणजे मिनल. सवत गळ्यात बांधली की मानगुटीवर बसत नाही, असा तो बंदोबस्त. गिरजाबाईही या घरात दुसऱ्याच आलेल्या. त्यांच्या सवतीचा, कस्तुराचा, टाक चाळीस वर्षं त्यांच्या गळ्यात होता. झिजून झिजून कस्तुराला आता नाकडोळे उरले नव्हते.

भांडण चाकणच्या कंपनीवरून होतं. विजयश्री आठ महिने तिथं गाड्यांची वायरिंग तपासत होती. विजेचं काम, अंगावर धातू चालत नाही. त्यामुळे आत जाताना ती मंगळसूत्र आणि टाक, दोन्ही काढून लॉकरमध्ये ठेवायची. मंगळसूत्र काढते याचं घरात कुणाला काही वाटलं नाही. ज्याच्या नावाचं होतं त्या समाधानलाही नाही. टाक काढते हे मात्र मागच्या आठवड्यात कळलं, त्याच आठवड्यात फ्रिज बंद पडला, आणि घरात एकमत झालं.

"ती खवळलीया," गिरजाबाई म्हणाल्या. "उद्यापास्नं कामाला जायाचं न्हाई."

"आत्या, उद्या मला पर्मनंटचं पत्र मिळणार आहे."

"पत्र घिऊन काय करती? आज फ्रिज गेला, उद्या माणूस जाईल."

"फ्रिज दहा वर्षांचा होता."

"मिनलच्या हातचा हुता त्यो!"

विजयश्रीनं नवऱ्याकडे पाहिलं. "अहो, तुम्ही तरी बोला."

समाधाननं मोबाइलमधून मान वर काढली. "आई म्हणतेय तर राहू दे ना थोडे दिवस." आणि मान परत खाली गेली. तो खरोखरच देखणा होता.

गिरजाबाईंनी रिमोट दाबला. भूत पुढे सरकलं, मांत्रिक आला, धूर झाला, आणि शेवटी त्यानं भुताला एकदाचं जाळलं. सिनेमातल्या घरानं सुटकेचा निःश्वास टाकला. या घरात करिष्मानं उशीत तोंड खुपसलं.

"अगं, संपलं की! गेलं भूत," समाधान म्हणाला.

"तिला का जाळलं?" उशीतून आवाज आला. "ती त्या छोट्या मुलीची आई होती ना?"

करिष्मानं उशीतून तोंड वर काढलं.

"आजी, माझी आई पण भूत झालीय?"

गिरजाबाई पदराचं टोक चाचपत बसल्या. विजयश्रीनं गवारीचं ताट बाजूला सरकवलं, गळ्यातला दोरा सोडला आणि टाक करिष्माच्या तळहातावर ठेवला.

"तुझी आई आठ महिने माझ्याबरोबर कंपनीत येतेय. पहिल्या शिफ्टला. बसमध्ये खिडकी तिला असते. कांद्याच्या मार्केटपाशी ट्रक अडले की दोघी नाक दाबून बसतो. सत्तावीस नंबरचा लॉकर आहे तिचा. आठ तास पाय पसरून पडते, कुणी हाक मारत नाही."

करिष्मानं टाक मुठीत धरला. विजयश्री सासूकडे वळली.

"आत्या, ती या घरात सहा वर्षं होती. खालचं किराणा दुकान आणि शेवटी दवाखाना. तिसरं काय बघितलं तिनं? खवळायचंच असतं तर तेव्हा खवळली असती. मी उद्या जाणार. तीही येणार. आणि या लेकराच्या आईला घरात पुन्हा कुणी भूत म्हटलं, तर फ्रिजबरोबर टीव्हीही भंगारात जाईल."

"कंपनीत जाऊन तोंड लई चालाय लागलंय," गिरजाबाई म्हणाल्या आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडल्या.

सोमवारी सकाळी त्या चहालाही बाहेर आल्या नाहीत. विजयश्रीनं डबा भरला, टाक गळ्यात बांधला, चपला घातल्या.

"थांब."

गिरजाबाई दारात उभ्या होत्या. मूठ मिटलेली. गळ्याभोवती, चाळीस वर्षं ऊन न लागलेली, दोऱ्याएवढी गोरी रेघ.

"कस्तुराला बी ने," त्या म्हणाल्या. "तिनं तर दवाखाना बी बघितला न्हाई." टाक सुनेच्या हातावर ठेवून त्यांनी लगेच पाठ फिरवली. "आन् संध्याकाळी आठवणीनं घिऊन ये. इसरशील."

बस आली. विजयश्री नेहमीच्या सीटवर बसली, खिडकीकडची जागा सोडून, आणि तिथं पिशवी ठेवली. पुढच्या थांब्यावर कंपनीत तिच्याच लाइनवर काम करणारी रुपाली चढली.

"ए, उचल की पिशवी. बसू दे."

"पुढं बस आज," विजयश्री म्हणाली. "इथं बसल्यात."