उजव्या डोळ्यांचा भाकस

मित्रांनो, मी एक जुना भाकस आहे. चपट्या माशांत आमचं घराणं सर्वांत जुनं. जन्मलो तेव्हा माझे डोळे तुमच्यासारखेच दोन बाजूंना होते. मग डावा डोळा सरकत सरकत कपाळाच्या कडेवर आला आणि मी उजवा झालो. माझ्या भावाचा उलटा सरकला, तो डावा झाला. आमच्यात हे असं चालतं.

मला गरीब बिचारा समजू नका. वाळूत अंग पुरून मी जन्मभर लहान मासे गिळले. दया कशाशी खातात हे ठाऊक नव्हतं. मग जाळ्यात सापडलो आणि जिवंतपणीच औषधात बुडालो. जशास तसे!

कॉलेजच्या प्रयोगशाळेत आम्ही भाऊ सव्वीस वर्षं एकाच बरणीत राहिलो. शिपाईकाकांनीच आम्हाला जाळ्यातून सोडवलं होतं. सुरुवातीला माझ्या दातांचं फार कौतुक झालं, पुढे धूळ बसली. काका तेवढे काच पुसत.

त्यांची मुलगी इथेच शिकली. तोंडी परीक्षेत पास झाली, तरच तिला पुढे शिकता येणार होतं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी आमची बरणी पुढे ओढली.

"भाकस, सर. दोन्ही एकच जात," ती म्हणाली.

"एकाचे डोळे उजवीकडे, एकाचे डावीकडे. एक जात कशी?"

"यांच्यात दोन्ही असतात, सर. बाबांनी दोघांना एकाच जाळ्यातून काढलंय."

"बाबा प्राध्यापक का?"

"इथले शिपाई आहेत."

परीक्षक पोट धरून हसले आणि त्यांनी तिला नापास केलं. परीक्षकांशेजारी बसलेल्या कॉलेजच्या बाईंनीच तिला हे शिकवलं होतं. त्या पेन्सिलीला टोक काढत राहिल्या.

मग काकांना हाक आली. "याला दुसऱ्या बरणीत टाका. जात वेगळी, अशी चिठ्ठी लावा."

"बाबा, तुम्ही तरी सांगा ना!" मुलगी दारातून म्हणाली.

काकांना साहेबांपुढे बोलायची सवय नव्हती. "हो साहेब," म्हणत त्यांनी मला उचललं. कोपरा सुटू नये म्हणून चिठ्ठी अंगठ्याने घट्ट दाबली. मुलगी पुन्हा इकडे फिरकली नाही.

आता मुलं ती चिठ्ठी वाचतात, दोन जाती सांगतात आणि पास होतात. मित्रांनो, आमची काळजी नको, आम्ही मेलेलेच आहोत. खरं बोलणाऱ्या माणसाला मात्र वेळेवर जपा. काका अजून रोज माझी काच पुसतात. चिठ्ठीपाशी आलं की त्यांचा हात थांबतो.