परिपाठातली बातमी

ईश्वर पाटलाने तीस वर्षांत गुन्ह्याची एकही बातमी जागेवर जाऊन लिहिली नव्हती, आणि त्याची लाज वाटायचं सोडून त्याला त्याचा अभिमान होता. बसस्थानकासमोर त्याचं वह्या-पुस्तकांचं आणि झेरॉक्सचं दुकान होतं. तिथेच पेपरची एजन्सी होती, आणि टेबलामागच्या भिंतीवर चौकटीत घातलेलं ‘तालुका प्रतिनिधी’ असं ओळखपत्र होतं. संध्याकाळी सहाच्या सुमारास पोलीस ठाण्याची प्रेसनोट पत्रकारांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडायची. तालुक्याचे सगळे पत्रकार आधी जोडलेल्या हातांचं चित्र पाठवायचे, मग नोट उचलायचे. ईश्वर त्यातल्या ‘सदर इसम’चा ‘चोरटा’ करायचा, वर आपलं नाव टाकायचा, आणि साडेसहाला बातमी नंदुरबारच्या कार्यालयात पोचलेली असायची. उंटावरून शेळ्या हाकायच्या तरी उंटावर चढावं लागतं. हा गडी खुर्चीतून उठत नसे.

वर्षातून एकदा मात्र उठायचा, होळीला. पेपरची रंगीत पुरवणी निघायची आणि तिला सातपुड्यातले फोटो लागायचे. मग ईश्वर मोटारसायकल काढून वर डोंगरात जायचा, ढोल ऐकायचा, कोणाकडे तरी भाकरी खायचा आणि दरवर्षी तोच लेख नव्याने लिहायचा. होळीचा नवस केलेले पुरुष बावा होतात, अंगावर तांदळाच्या पिठाचे पांढरे ठिपके काढतात, कमरेला भोपळे आणि घुंगरं बांधतात, डोक्यावर मोरपिसांचा टोप घालतात. त्यांना पालनी असते, म्हणजे कडक व्रत. दारूला शिवायचं नाही, खाटेवर झोपायचं नाही, पायात चपला घालायच्या नाहीत, आंघोळ करायची नाही. पाच दिवस गावोगावच्या होळ्या नाचायच्या आणि शेवटी नदीवर अंग धुऊन पालनी सोडायची. ‘देवाला दिलेला शब्द हे लोक प्राण गेला तरी मोडत नाहीत,’ हे वाक्य ईश्वरच्या लेखात गेली वीस वर्षं होतं.

यंदा त्याने एका उंच, हसऱ्या बावाचे फोटो काढले. फोटोसाठी त्याला खडकावर उभं केलं होतं, ऊन चढलेलं होतं आणि खडक तापला होता. ईश्वरला दया आली. त्याने आपल्या चपला काढून पुढे केल्या आणि फोटोपुरत्या घाल म्हणाला. बावा दोन पावलं मागे सरला, हसला, आणि पालनी आहे म्हणाला. ईश्वरने नाव विचारलं नाही. पुरवणीत फोटोखाली नाव द्यायची पद्धत नव्हती. ‘होळीच्या रंगात दंग आदिवासी बांधव’ एवढं पुरायचं.

तीन दिवसांनी, मंगळवारी, ग्रुपवर नोट पडली. सारंगखेडा शिवारातल्या पाण्याच्या मोटारी चोरणारा सराईत चोर दोधू खात्या पावरा, वय अडतीस, हा सोमवारी रात्री दारूच्या नशेत पोलिसांवर दगडफेक करून पळत असता विहिरीत पडून मयत झाला. जवळ एक संशयास्पद पिशवी होती. चपला विहिरीच्या काठावर मिळून आल्या. ईश्वरने हात जोडले, नोट उचलली, ‘मयत झाला’चं ‘मृत्यू झाला’ केलं आणि स्वतःच्या डोक्याने मथळा दिला: ‘मद्यधुंद चोरट्याचा पोलिसांवर हल्ला’. बुधवारी ती बातमी पहिल्या पानावर आली. त्याच अंकासोबत होळीची पुरवणी निघाली आणि तिच्या मध्यभागी हातभर रंगीत बावा हसत उभा होता. दोन्हीकडे ईश्वरचं नाव होतं. ईश्वरने दोन्ही कात्रणं मोठ्या हौसेने फाइलला लावली.

शनिवारी दुपारी एक बाई दुकानात आली. अंगणवाडी सेविकेची साडी, खांद्याला पिशवी, चेहऱ्यावर रडण्याची खूण नाही. तिने पेपरचं पहिलं पान टेबलावर ठेवलं, त्याच्या शेजारी पुरवणीचं मधलं पान ठेवलं आणि दोन्हींवर एकेक हात ठेवून उभी राहिली. आपलं नाव रुपा, दोधू आपला भाऊ, असं तिने सांगितलं.

ईश्वरला आधी कळलंच नाही. मग त्याने तिच्या उजव्या हाताखालचा बावा पाहिला, डाव्या हाताखालचं नाव वाचलं. माणूस एकच होता.

“ही बातमी तुमची का, भाऊ?” तिने विचारलं.

“नोट आली होती, ताई.”

“कोणाची?”

“पोलिसांची.”

“आणि मारलं कोणी?”

तीस वर्षांत कोणी ईश्वरला एवढा साधा प्रश्न विचारला नव्हता, आणि त्याने स्वतः तर कोणालाच विचारला नव्हता.

रुपा बोलत राहिली. शाळेत शिकलेलं मराठी ती एकेक शब्द नीट ठेवून बोलत होती. दोधू चौथ्या गावच्या होळीहून पाचव्या गावी निघाला होता, पिशवीत भोपळे आणि घुंगरं होती. फाट्यावर पोलिसांच्या गाडीने उचलला, गाडीत तिघं होते. तिने भावाला दवाखान्यात पाहिलं तेव्हा ठिपके अंगावर जसेच्या तसे होते. विहिरीत पडलेल्याच्या अंगावर पीठ राहतं का, असं तिने विचारलं. “आणि तळपाय, भाऊ. काळेनिळे, सुजून हे एवढे झाले होते. असे पाय घेऊन माणूस पळतो? चपला घालतो?”

एवढं ऐकूनही ईश्वर कदाचित हळहळून, चहा मागवून मोकळा झाला असता. असल्या माणसांना हळहळ स्वस्त पडते. पण रुपाने पुढची गोष्ट सांगितली.

दोधूची मुलगी रिना आश्रमशाळेत दहावीला. बोर्डाच्या परीक्षेमुळे दहावीच्या मुली होळीलाही घरी गेल्या नव्हत्या. ठाण्याने निरोप म्हणे पोलीस पाटलाकडे दिला होता, आणि पोलीस पाटील तिसऱ्याच गावच्या होळीत नाचत होता. त्यामुळे बुधवारी सकाळपर्यंत घरी कोणालाच काही माहीत नव्हतं. आश्रमशाळेत मात्र पेपर वेळेवर पोचला. परिपाठात रोज प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार आणि मग ताज्या बातम्या असतात. त्या दिवशी बातम्यांची पाळी रिनाची होती. वाचन खणखणीत म्हणून सर मुद्दाम तिला लांब बातमी द्यायचे. पेनाने खूण केलेली बातमी तिने हातात घेतली, ओट्यावर उभी राहिली आणि मोठ्याने वाचली. मद्यधुंद चोरटा. सराईत. नाव आलं, बापाचं, आजोबाचं, वय. तिने ते वाचलं, पुढचंही वाचलं, चपलांपर्यंत सगळं वाचलं, पेपरची घडी घातली आणि रांगेत जाऊन उभी राहिली. मग खाली बसली ती उठेना. बोर्डाचे उरलेले दोन पेपर तिने दिले नाहीत.

“मेल्याचं दुःख आहेच,” रुपा म्हणाली. “पण पोरीच्या तोंडून तिच्या बापाला दारुडा चोर तुम्ही म्हणवलं.”

दोन्ही पानं टेबलावर ठेवून ती गेली.

ईश्वरला राग आला. पहिल्यांदा तो पोलिसांवर आला, कारण तो राग सोपा होता. मग नंदुरबारला जाणाऱ्या गाडीत तो राग फिरला आणि स्वतःवर आला. हातच्या काकणाला आरसा कशाला? दारू नाही, चपला नाहीत, हे लिहिणारा मीच, आणि त्याच अंकात दारू आणि चपला छापणाराही मीच. डोंगरातलं शेंबडं पोर ती नोट वाचून हसलं असतं. आणि आपण वीस वर्षं त्यांच्यावर लेख लिहितो.

जिल्हा कार्यालयात चुडामणभाऊ बसायचे. बातमी कुठे लागणार आणि कुठे मरणार हे तेच ठरवायचे. ईश्वरने मोबाइलमधले फोटो दाखवले, तळपायांचं सांगितलं, नवी बातमी लिहून आणली होती ती पुढे ठेवली. चुडामणभाऊंनी ती चष्मा वर करून वाचली आणि शांतपणे उलटी करून ठेवली.

“ईश्वर, ठाणाना माणसे आपले रोज लागतस,” ते म्हणाले. “त्यासनी लेखी दिन्हं तर खुलासा छापसूत.”

म्हणजे ज्यांनी मारलं त्यांनीच लिहून द्यायचं की आम्ही मारलं, मग पेपर खुलासा करणार. ईश्वरने हे त्यांना तसंच्या तसं बोलून दाखवलं. चुडामणभाऊ म्हणाले की तू भावनेच्या भरात आहेस, उन्हाचा आलास, पाणी पी. पाणी ईश्वर प्यायला नाही. कुंपणच शेत खातं ही म्हण त्याने आजवर कृषिपानावर वापरली होती. त्या दिवशी ती त्याला पहिल्यांदा कळली.

मे महिन्यात त्याच पेपरच्या आठव्या पानावर, बोअरवेलच्या जाहिरातीखाली, बोटभर सूचना आली. दोधू पावरा याच्या मृत्यूची दंडाधिकारीय चौकशी चालू आहे, कोणाला काही माहिती असल्यास लेखी किंवा समक्ष द्यावी. असली सूचना कोणी वाचू नये अशाच बेताने छापतात. ईश्वरने ती रुपाला फोन करून वाचून दाखवली आणि ठरलेल्या दिवशी दोघं हजर झाले.

चौकशी अधिकाऱ्यांनी रुपाचं सगळं उतरवून घेतलं. मग ईश्वरची पाळी आली. त्याने नाव सांगताच त्यांनी पोलिसांनी दिलेली फाइल चाळली आणि एक पान त्याच्यापुढे केलं. त्याचीच बातमी होती. नीट कापलेली, कोऱ्या कागदावर चिकटवलेली, कोपऱ्यात ठाण्याचा गोल शिक्का. खाली टंकलेलं होतं: ‘निःपक्षपाती स्थानिक वृत्तपत्रानेही सदर घटनेस दुजोरा दिलेला आहे.’

ईश्वरच्या डोक्यात तिडीक गेली. त्यांनी लिहायचं, याने आपल्या नावाने छापायचं, आणि मग त्यांनीच ते कापून पुरावा म्हणून लावायचं. आणि हा तीस वर्षं हात जोडत होता. अशा किती फाइलींत आपलं नाव दुजोरा म्हणून चिकटलं असेल, हे तो मनात मोजू लागला.

“ही बातमी तुमचीच ना?” अधिकाऱ्यांनी विचारलं.

“नाव माझं आहे,” ईश्वर म्हणाला. “बातमी ठाण्याची आहे. मी तिथे गेलो नव्हतो, कोणाला विचारलं नव्हतं. मी पाहिलं ते एवढंच, की हा माणूस पालनीत होता आणि तापल्या खडकावरसुद्धा त्याने माझ्या चपला घातल्या नाहीत. हे लिहून घ्या.”

त्यांनी लिहून घेतलं. फोटो घेतले, सही घेतली. त्याच संध्याकाळी ईश्वरला ग्रुपमधून काढलं, आठवड्याने कार्यालयाने ओळखपत्र परत मागितलं. चौकशीचा अहवाल अजून आलेला नाही. ज्यांनी उचलला ते तिघं त्याच ठाण्यात आहेत आणि सहा वाजता नोट पडते.

ईश्वरने आपली साक्ष एका पानात टाइप केली. दोधू खात्या पावरा कोण होता, कुठे निघाला होता, आपण काय छापलं आणि त्यातलं काय खोटं होतं. खाली सही केली. जूनमध्ये शाळा उघडल्यावर, रिना फेरपरीक्षेचं हॉलतिकीट घ्यायला येणार होती त्या दिवशी, तो परिपाठाच्या वेळेला आश्रमशाळेत पोचला. मैदानात मुलं रांगेत उभी होती. कडेला रुपा आणि रिना होत्या.

त्याने कागद मुख्याध्यापकांना दिला आणि बातम्यांच्या वेळी हा वाचायला लावा, अशी विनंती केली. मुख्याध्यापकांनी तो वाचला, घाम पुसला आणि परत केला. माणूस वाईट नव्हता, नोकरीला होता. परिपाठात छापून आलेलंच वाचायचा नियम आहे, म्हणाला. हे छापून आलेलं नाही, मग खरं कशावरून म्हणायचं?

ईश्वरला त्याच्या मुस्काटात मारावीशी वाटली. पण तो हक्क त्याला नव्हता. छापलं म्हणजे खरं, हे या तालुक्याला शिकवण्यात त्याचीही तीस वर्षं गेली होती. तो कागद घेऊन रिनापाशी गेला. ताडमाड मुलगी, बापासारखीच उंच. त्याने कागद तिच्यापुढे धरला आणि तुला वाचायचा असेल तर वाच, म्हणाला.

तिने हात पुढे केला नाही.

“तेव्हा मी वाचलं होतं,” ती म्हणाली. “आता तुम्ही वाचा.”

ईश्वर ओट्यावर चढला. मुख्याध्यापक मागून काही म्हणत होते, ते त्याने ऐकलं नाही. दोनशे मुलं त्याच्याकडे बघत होती. त्याने वाचायला सुरुवात केली. पहिल्या दोन ओळी नीट गेल्या. तिसऱ्या ओळीत नाव आलं, दोधू खात्या पावरा, आणि त्याच्या पुढे ‘याला मी चोर म्हटलं’ असं त्यानेच टाइप केलेलं होतं. तिथे त्याचा आवाज बसला. त्याने घसा खाकरला, चष्मा पुसला, कागद जवळ धरला, तरी शब्द निघेना.

रिना रांगेच्या टोकाला उभी होती. तिथूनच ती बोलली, वर्गात बोलावं तशा आवाजात.

“पुढे वाचा. मी थांबले नव्हते.”